वेशीवरचा ऊस : निपाणी भागातल्या अडीच एकरांचा एक हंगाम

वेदगंगेच्या काठाला आमचं अडीच एकर रान आहे. नदी महाराष्ट्रातून येते, पीक कर्नाटकात उभं राहतं आणि ते कुठल्या राज्यात गाळलं जाईल हे तोडणीची चिठ्ठी येईपर्यंत आम्हालाही ठाऊक नसतं. मी एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करतो. घरच्या उसाच्या पावत्या, बिलं, कपातीच्या चिठ्ठ्या गेली बरीच वर्षं एका वहीत चिकटवत आलो आहे. ही नोंद त्या वहीतल्या २०२५-२६ च्या हंगामाची. आमच्या भागात जो कुणी ऊस लावतो, त्याचं थोड्याफार फरकानं हेच प्रकरण आहे, म्हणून ते सविस्तर मांडतो.

जुलै २०२४ मध्ये आम्ही आडसाली लागण केली, को ८६०३२ या वाणाची. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिन्यांत तोडायचा. म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर २०२५ ला आमचा नंबर लागायला हवा होता. उसाची नोंद अलीकडच्या, म्हणजे कर्नाटकातल्या, कारखान्याकडे होती, जो आमच्या रानापासून बारा किलोमीटरवर आहे. पलीकडे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका बहुराज्य सहकारी कारखान्यात आबांच्या, म्हणजे आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या, नावावर एक शेअर आहे. आबांच्या उमेदीच्या काळात घेतलेला. दोन दारं असलेलं घर म्हणायचं. आजूबाजूच्या पुष्कळ घरांना तेवढंही नाही.

ऑक्टोबर संपताना दोन्ही दारं एकदम बंद झाली. पलीकडे स्वाभिमानी शेतकरी संघटनेनं जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत टनाला ३,७५१ रुपयांच्या पहिल्या उचलीची, म्हणजे पहिल्या हप्त्याची, मागणी केली होती आणि दर जाहीर झाल्याशिवाय कोयता लावू द्यायचा नाही असं वातावरण होतं. अलीकडे मुडलगी तालुक्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी रस्त्यावर बसले. मागणी टनाला ३,५०० रुपयांची. बघता बघता ते लोण चिकोडी, रायबाग, अथणी, हुक्केरीपर्यंत पोचलं. आमच्या गावातून दोन गाड्या भरून माणसं गुर्लापूरला जाऊन आली. तिथं भाषणं कन्नडमध्ये, आमची मंडळी मराठी. पण पस्तीसशे हा आकडा कुणाला समजावून सांगावा लागला नाही. उसाच्या दराला भाषेची वेस नसते हे मी त्या आठवड्यात डोळ्यांनी बघितलं.

तात्या, म्हणजे माझे चुलते, त्या दिवसांत वारंवार १९८१ ची आठवण काढत. तेव्हा निपाणी म्हणजे तंबाखू. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी महामार्गावर ठिय्या मारला, त्या तळाला आंदोलननगर म्हणत, आणि ६ एप्रिल १९८१ ला पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे जीव गेले. तात्या तेव्हा शाळेत होते. ते म्हणाले, "तंबाखूवाल्याला एक सोय व्हती. दर न्हाई पटला तर बोद घरात रचून ठिवायचं. उसाला ती बी न्हाई."

मला वाटतं, सगळ्या प्रकरणाची किल्ली तात्यांच्या या वाक्यात आहे. तंबाखूच्या वखारवाल्यांची संख्या मोजकीच होती आणि ते शेतकऱ्याला दाबायचे, पण वाळलेला माल वर्षभर थांबू शकत होता. ऊस तोडला की घड्याळ सुरू होतं. चोवीस तासांनंतर वजन आणि साखर दोन्ही उतरायला लागतात. उभा ठेवला तर पांगशा, म्हणजे बाजूचे कोंब, फुटतात, लोळतो, पोकळ पडतो. शिवाय तो जड आणि स्वस्त माल आहे. शंभर किलोमीटर नेला तर भाडंच त्याला खातं. म्हणून बेळगाव जिल्ह्यात पंचवीसहून जास्त कारखाने आहेत या वाक्यानं फसू नये. एका विशिष्ट रानाच्या दृष्टीनं, परवडेल अशा अंतरावर, ज्यांची तोडणीची टोळी तिथं येऊ शकते असे कारखाने दोन, फार तर तीन. मालकीचा विचार केला तर तेही वेगवेगळे राहतीलच असं नाही. या जिल्ह्यातली साखर कारखानदारी आणि या जिल्ह्यातलं राजकारण यांची घराणी मोठ्या प्रमाणात एकच आहेत, मग पक्ष कुठलाही असो. विकणारे हजारो आणि घेणारा जवळजवळ एक, अशी ही पेठ आहे.

दराचा हिशेब

इथं जरा थांबतो, कारण गावातल्या चावडीवर सगळ्यात जास्त गोंधळ याच आकड्यांवरून होतो.

ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ खाली केंद्र सरकार दरवर्षी रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, ठरवतं. २००९ पर्यंत याच जागी किमान वैधानिक दर होता. २०२५-२६ साठी एफआरपी क्विंटलला ३५५ रुपये, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला. उतारा म्हणजे उसाच्या वजनातून किती टक्के साखर निघते ते. त्याच्या वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढ. म्हणजे ११.२५ टक्के उतारा असलेल्या कारखान्यानं क्विंटलला ३८९.६० रुपये, टनाला ३,८९६ रुपये द्यायला हवेत.

मग ३,५०० मागणारा शेतकरी कायद्यापेक्षा कमी का मागतोय, असं मला पुण्याच्या एका मित्रानं विचारलं. प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की एफआरपी हा कारखानापोच दर आहे. ऊस तोडून कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत नेण्याचा खर्च त्यात धरलेला असतो. उत्तर प्रदेशात शेतकरी स्वतः ऊस तोडून आणून घालतो. आपल्याकडे टोळी कारखान्याची, गाडी कारखान्याच्या कराराची आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च बिलातून कापला जातो. हा खर्च टनाला साधारण ८५० रुपये धरला, तर ३,८९६ मधून हातात उरतात ३,०४६. गुर्लापूरची मागणी ही हातात पडणाऱ्या ३,५०० ची होती. म्हणजे कारखानापोच ४,३५०.

आता कारखान्याची बाजूही बघायला हवी, नाहीतर हिशेब अर्धा राहील. ११.२५ टक्के उताऱ्यानं एका टनातून ११२.५ किलो साखर निघते. साखरेला कारखान्यावर किलोला ३८ रुपये मिळाले असं धरलं, तर टनाची साखर ४,२७५ रुपयांची. त्यातून ३,८९६ गेले की गाळपाचा खर्च, पगार आणि व्याज यांना उरतात ३७९. हातात ३,५०० द्यायचे तर साखरेवर सरळ तोटा. साखरेचा किमान विक्री दर केंद्रानं फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ रुपये केला, तो या आंदोलनापर्यंत हलला नव्हता. त्याच काळात एफआरपी २७५ वरून ३५५ वर गेली. कारखानदारांची ही तक्रार मी खोटी म्हणणार नाही.

पण साखरेवर हिशेब थांबत नाही. मळीतून इथेनॉल, बगॅसमधून, म्हणजे चिपाडातून, वीज, रसाच्या गाळातून, म्हणजे प्रेसमडमधून, खत. त्याचा हिशेब शेतकऱ्याला कोण दाखवतो? साखर उद्योगावरच्या केंद्राच्या रंगराजन समितीनं २०१२ मध्ये सुचवलं होतं की साखर आणि पहिल्या टप्प्यातले उपपदार्थ मिळून जे उत्पन्न होईल त्याचा ७० टक्के वाटा ऊस उत्पादकाचा, किंवा नुसत्या साखरेच्या ७५ टक्के. वरच्या उदाहरणात नुसत्या साखरेचे ७५ टक्के म्हणजे ३,२०६ रुपये, एफआरपीपेक्षा कमी. म्हणून या वाटणीत खरं वजन उपपदार्थांना आहे आणि नेमकं तेच पान आमच्यापर्यंत येत नाही. कर्नाटकानं ऊस खरेदी आणि पुरवठा नियमनाचा स्वतंत्र कायदा २०१३ मध्ये केला, महाराष्ट्रानंही त्याच साली दराचा कायदा केला. दोन्हीकडे ऊस दरासाठी मंडळं आली, त्यांत शेतकऱ्यांचे प्रतिनिधीही आहेत. तरी आमच्या गावात कुणालाही आपल्या कारखान्याचा इथेनॉलचा हिशेब सांगता येणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी फार कमी जणांच्या लक्षात येते. एफआरपी दरवर्षी वाढते असं दिसतं, पण ती ज्या उताऱ्यावर मोजतात तो पायाही वर सरकत गेला आहे. २०१७-१८ पर्यंत पाया ९.५ टक्के होता. २०१८-१९ ला १० झाला, २०२२-२३ ला १०.२५. पाया वर गेला की वरचे जादा टक्के कमी होतात. वाढीतला काही भाग असा आतल्या आत विरघळतो.

आणि सगळ्यांकडून सारखीच कापली जाणारी तोडणी-वाहतूक. आमचं रान बारा किलोमीटरवर. कारखाना ऊस आणतो साठ-सत्तर किलोमीटरवरूनही, कारण गाळप क्षमता वाढवलेली आहे आणि जवळचा ऊस पुरत नाही. सगळ्या गाड्यांचा खर्च एकत्र करून सरासरी काढतात आणि तीच सगळ्यांना लावतात. म्हणजे लांबून ऊस पळवून आणण्याचा खर्च जवळचा शेतकरी भरतो. कारखाने उसासाठी एकमेकांशी भांडतात तेव्हा आपल्याला वाटतं शेतकऱ्याचा फायदा होणार. या सरासरीमुळे त्या भांडणाचं बिलही शेतकऱ्याकडेच येतं.

सात नोव्हेंबर

आठवडाभर रस्ते अडल्यानंतर ७ नोव्हेंबरला मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी बंगळूरात शेतकरी नेते आणि कारखानदार यांना एकत्र बसवलं. त्याच दिवशी महामार्गावर हत्तरगी टोलनाक्यापाशी दगडफेक झाली, पोलीस जखमी झाले. आमच्याकडे दिवसभर नुसते फोन. संध्याकाळी निर्णय आला : ११.२५ टक्के उताऱ्याला, तोडणी-वाहतूक वगळून, टनाला ३,३००. त्यातले ३,२५० कारखान्याचे आणि ५० राज्य सरकारचे. जिल्हा पातळीवरची आधीची बोलणी ३,२०० वर अडली होती. तिथून कारखाने ५० चढले आणि सरकारनं ५० घातले.

माझी पुतणी शाळेत कन्नड शिकते. तिनं बातमी वाचून दाखवली आणि आबांनी दोनदा विचारलं, "तोडणी वगळून म्हणत्यात का धरून?" वगळून, असं कळल्यावर त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. खूश झाले होते. हातात पडणाऱ्या ३,०४६ च्या हिशेबापेक्षा हा दर चांगला होता हे मान्य केलंच पाहिजे. रस्त्यावर बसलेल्या माणसांनी तो मिळवला, आणि ते कन्नड-मराठी दोन्ही होते.

तरीही त्या बैठकीचा अर्थ मला वेगळा दिसतो. स्पर्धा कायदा २००२ म्हणतो की एकाच मालाच्या खरेदीदारांनी आपसात दर ठरवून घेणं गैर. चार कारखानदार एखाद्या हॉटेलात बसून 'यंदा ३,२०० च्या वर कुणी जायचं नाही' असं ठरवतील तर तो कायदा मोडल्याचा विषय. पण त्याच कारखानदारांना सरकार एका टेबलाला बसवतं आणि एकच दर जाहीर होतो, तेव्हा त्याला तोडगा म्हणतात. मी तोडग्याच्या विरोधात नाही. आठवडाभर बंद पडलेल्या महामार्गावर दुसरं काय करणार? पण असा ठरलेला दर खालची मर्यादा म्हणून येतो आणि लगेच वरची मर्यादा होऊन बसतो. ३,३०० जाहीर झाल्यावर आमच्या भागातल्या एकाही कारखान्यानं आपणहून ३,३५० देऊ केले नाहीत. कशाला देतील? कोल्हापूर जिल्ह्यातले कारखाने तेव्हा ३,४०० च्या पुढे बोलत होते. नदीच्या दोन काठांना तोच ऊस, तेच पाणी, तोच वाण.

चिठ्ठी

आता या प्रकरणाचा गाभा. दर ठरला, गाळप सुरू झालं, आणि आम्ही चिठ्ठीची वाट बघायला लागलो.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. कारखान्याकडे ऊसनोंद असते, लागणीच्या तारखेसह. त्या तारखेच्या क्रमानं तोडणीचा कार्यक्रम लावायचा असा नियम कागदावर असतो. कारखान्याच्या भागातल्या गट ऑफिसमधून चिठ्ठी निघते, चिटबॉय ती टोळीला देतो, मग मुकादम टोळी घेऊन फडात येतो. ही चिठ्ठी म्हणजे खरेदीची ऑर्डर. ती आल्याशिवाय तुमचा ऊस बाजारात आहे असं म्हणताच येत नाही.

आमची लागण जुलैची. नोव्हेंबर गेला. आबा गट ऑफिसला गेले. पुढच्या आठवड्यात, असं उत्तर. डिसेंबरात पुन्हा गेले. ऊस अवकाळी वाऱ्यानं एका अंगाला लोळला होता, आतून पांगशा निघाल्या होत्या. तिसऱ्या खेपेला मी बरोबर गेलो आणि क्रमवारीची यादी दाखवा म्हणालो. साहेब माझ्याशी अदबीनं बोलले, चहाही दिला. यादी संगणकात आहे, प्रिंट निघत नाही, असं सांगितलं. परतताना आमच्या शिवारात सप्टेंबरात लावलेल्या एका रानातून कोयत्याचे आवाज येत होते. त्या घरातले कोण कुठल्या पदावर आहेत ते गावाला माहीत आहे. आबा काही बोलले नाहीत, पण गाडीवर मागं बसलेल्या माणसाचा श्वास कळतो.

पलीकडच्या दाराचं काय झालं? आबा शेअर सर्टिफिकेट घेऊन गेले होते. तिथले शेतीकडचे कर्मचारी चांगले बोलले, पण आमची नोंद त्यांच्याकडे नव्हती. आधी नोंदीचे सभासद, मग बिगर नोंदीचे, आणि सीमेपलीकडे, म्हणजे आमच्याकडे, टोळी फेब्रुवारीत. टोळ्याच कमी आहेत, बीडकडून येणाऱ्या तोडणी कामगारांच्या बऱ्याच जोड्या यंदा आल्या नाहीत, असं त्यांचं म्हणणं. दर शंभर-दीडशेनं जास्त, पण आणखी दीड महिना ऊस उभा ठेवून. रब्बीचा हरभरा तर आमचा केव्हाच बुडाला होता.

अखेर जानेवारीच्या मध्यावर अलीकडच्या कारखान्याची चिठ्ठी आली. मुकादमानं फड बघून मान हलवली. लोळलेला ऊस, जास्त वेळ लागणार, एकरामागे खुशाली, म्हणजे वरचे पैसे, हवी. द्यावी लागली. ट्रॅक्टरवाल्याला प्रत्येक खेपेला एंट्री, तेही वरचेच पैसे. वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या टोळीच्या, जनावरांना हव्या असतील तर त्यांच्याकडून विकत घ्यायच्या. या पैशांची पावती कुठंच होत नाही, त्यामुळे माझ्या वहीत ते पेन्सिलीनं लिहिलेले आहेत. टोळीच्या माणसांवर माझा राग नाही. एका कोपीत, म्हणजे झोपडीत, सहा जणांचं बिऱ्हाड, थंडीत पहाटे चारला फडात उतरणारी बाळंतीण मी बघितली आहे. कारखाना त्यांना जे देत नाही ते ते आमच्याकडून घेतात.

एक खेप बाहेरच्या काट्यावर वजन करून मग कारखान्यात न्यावी असं मला वाटत होतं. अंगदच्या, म्हणजे ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरगाडीच्या, ड्रायव्हरला विनंती केली. तो म्हणाला, "दादा, बाहीर वजन करून आलो तर नंबर जातो, मग रात्रभर अड्ड्यावर मी झोपू का?" त्याचं बरोबर होतं. वजन तपासण्याचा हक्क शेतकऱ्याला असला तरी गाडी, रांग आणि वेळ त्याच्या ताब्यात नाही. कारखान्याच्या काट्यात खोट होती असं मी म्हणत नाही. ती नव्हती असंही मला म्हणता येत नाही, आणि माझी तक्रार एवढीच आहे.

आता उशिराची किंमत काढतो. समजायला सोपं म्हणून एकरी ५० टन धरतो. अडीच एकरांचा सव्वाशे टन ऊस. गुर्लापूरच्या आंदोलनामुळे दर ३,२०० वरून ३,३०० झाला, म्हणजे आमच्यासारख्या घराला १२,५०० रुपये मिळाले. दोन महिने उशिरानं वजनात फक्त ५ टक्के घट झाली असं धरू : सव्वासहा टन, ३,३०० नं २०,६२५ रुपये. शिवाय खुशाली, शिवाय गेलेला हरभरा, शिवाय पुढच्या खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकाला, झालेला उशीर. आठवडाभर महामार्ग अडवून, डोकी फोडून घेऊन जे मिळवलं, त्याच्या दीडपटीहून जास्त गट ऑफिसच्या एका न निघालेल्या प्रिंटनं परत घेतलं. दरासाठी मुख्यमंत्री बैठक घेतात. चिठ्ठीसाठी कुणी घेत नाही.

वेशीचा फायदा आणि वेशीचं कुलूप

महाराष्ट्रात ऊस कुठल्याही कारखान्याला घालायला मोकळीक आहे, झोनबंदी नाही. पण नवा कारखाना काढायचा तर जुन्यापासून २५ किलोमीटरचं हवाई अंतर लागतं. कर्नाटकात केंद्राच्या आदेशातलं १५ किलोमीटरचं अंतर चालतं, मात्र इथं कारखान्यांना क्षेत्र वाटून दिलेलं आहे. एकानं शेतकरी मोकळा सोडला आणि कारखान्याभोवती कुंपण घातलं. दुसऱ्यानं कुंपण लहान ठेवलं आणि शेतकऱ्याला बांधलं. रंगराजन समितीनं क्षेत्र राखून ठेवण्याची आणि अंतराची, दोन्ही बंधनं टप्प्याटप्प्यानं काढायला सांगितली होती. माझा कल अर्थातच त्या बाजूला आहे. पण आमच्या पट्ट्यातला शेतकरी आज जो थोडाफार मोल-भाव करू शकतो, तो या दोन पद्धती जिथं एकमेकींना भिडतात त्या फटीत.

ती फट बुजवण्याचा प्रयत्न झालेला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी, ऊस कमी, म्हणून महाराष्ट्र सरकारनं परराज्यात ऊस न्यायला बंदी केली. कोल्हापूर-सांगलीकडच्या सीमेवरचे शेतकरी पेटून उठले, स्वाभिमानीच्या राजू शेट्टींनी आवाज उठवला आणि काही दिवसांत ती मागं घ्यावी लागली. त्या वेळी त्यांच्याकडच्या शेतकऱ्याला आमच्याकडचे कारखाने हे दुसरं दार होते, यंदा आम्हाला त्यांच्याकडचे. सीमाप्रश्नावर आयुष्यभर मोर्चे काढलेली माझ्या घरातली माणसं या एका बाबतीत वेस मोकळी राहावी म्हणून हात जोडतात, हे बघताना मन भरून येतं.

पैशांच्या वेळेबाबत नियम स्पष्ट आहे. ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी २०२२ मध्ये एफआरपीचे तुकडे करायला परवानगी दिली होती, ती मुंबई उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये रद्द केली. म्हणजे नियमाला धार आहे. पण व्याज मागायला जाणारा शेतकरी पुढच्या वर्षी त्याच गट ऑफिसात चिठ्ठी मागायला जाणार असतो. माझ्या वहीत चार हंगामांत बिल उशिरा आल्याची नोंद आहे. व्याजाचा अर्ज आम्ही एकदाही केला नाही. आबांनी करू दिला नाही, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही.

म्हणून मला जे हवं आहे ते दराच्या आधीचं आहे. लागणीच्या तारखेची क्रमवारी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी, कन्नडमध्ये आणि आमच्या गावांत मराठीतही. नोंदीच्या ऊसाला ठरावीक महिने उलटून गेले आणि चिठ्ठी आली नाही, तर तो ऊस कुठल्याही राज्यातल्या कुठल्याही कारखान्याला न विचारता घालता यावा. वाहतूक अंतराच्या टप्प्यांनी कापावी. काटा कारखान्याच्या गेटबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात असावा आणि तिथलं वजन कारखान्यावर बंधनकारक असावं. यातल्या एकाही गोष्टीला साखरेचा भाव वाढावा लागत नाही, की सरकारला टनामागे ५० रुपये घालावे लागत नाहीत.

खोडवा आता फुटला आहे. गेल्या आठवड्यात अलीकडच्या कारखान्याचा चिटबॉय नोंदीचा कागद घेऊन आला. गावातलाच पोरगा, आबांना आजोबा म्हणतो. त्यानं सर्व्हे नंबर आणि क्षेत्र लिहून घेतलं, 'अडीच एकर' आणि सहीसाठी कागद पुढं केला. आबांनी चष्मा लावला, कागद हातात घेतला आणि म्हणाले, "दीड लिव्ह. एक एकर मी नदीपलीकडं नोंदवनार हाय." पोरगा माझ्याकडं बघायला लागला. मी वही उघडून तारीख लिहिली.